पात्याची धार

भाताच्या पात्यावरून बोट बुंध्याकडून शेंड्याकडे फिरवलं तर काही होत नाही. शेंड्याकडून बुंध्याकडे फिरवलं तर कापतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सात-आठ वर्षांची असेन. राजापूरकडच्या आमच्या मळ्यात बेणणी चालली होती आणि बायकांच्या ओळीत मीही तण उपटायचं नाटक करत होते. तणाबरोबर भाताची दोन पाती मुठीत आली, मी ओढली आणि बोटावर लाल रेघ उमटली. आजीने मान वर न करताच विचारलं, "उलटा हात मारलास ना?" ओल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, दाबलं आणि ती पुढच्या चुडाकडे वळली. तिच्या लेखी विषय संपला.

तिच्याकडे भाताच्या या धारेचे अनेक हिशेब होते. कापणीला लांब बाह्यांचं जुनं पोलकं घालायचं. झोडणी झाली की कूस अंगाला लागते, म्हणून आधी खोबरेल चोळायचं आणि मगच पाणी घ्यायचं. गिरणीतून भात भरडून आणला की तूस टाकायचं नाही. ते जाळून त्याची काळी राखुंडी करायची. त्या राखुंडीने आम्ही दात घासत असू. पितळेची भांडीही जवळपास त्याच राखेने घासली जात, फक्त डबा वेगळा. (आता दातांचे डॉक्टर ऐकूनच कळवळतात. बरोबर आहे त्यांचं. पितळ ज्याने उजळतं त्याने दाताचं वरचं आवरण झिजणारच.)

पातं, कूस, राखुंडी या तिन्हींच्या मागे एकच पदार्थ आहे, हे मला वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. तो पदार्थ म्हणजे सिलिका. वाळूत असते ती, काचेत असते ती. भाताचं रोप आपल्या कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ती अंगात साठवतं. आपण युरियाच्या गोणीवर पैसे घालतो त्या नत्रापेक्षाही पुष्कळदा जास्त. पात्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सिलिकाचे इवले इवले डमरू ओळीने मांडलेले दिसतात. डमरूच, दुसरा शब्द नाही. पात्याच्या कडेला शेंड्याकडे तोंड केलेले काचेचे बारीक काटे असतात. आजीचा "उलटा हात" तो हाच. भाताच्या तुसात तर कमाल आहे. तूस जाळलं की साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत दहातले नऊ भाग सिलिकाच असते.

आता प्रश्न असा, की जमिनीतली वाळू पात्याच्या कडेवर जाते कशी? वाळू तर पाण्यात विरघळत नाही.

थोडी विरघळते. मातीतल्या पाण्यात सिलिसिक ॲसिडच्या रूपात ती सदैव असते, अगदी पातळ. हे ॲसिड नावालाच. एरवी त्याच्या रेणूवर कसलाही विद्युतभार नसतो आणि ते कुणाच्या वाटेला जात नाही. पण मातीतल्या पाण्यात असणं वेगळं आणि रोपाच्या आत शिरणं वेगळं. मधे पेशीपटल आहे.

मी वर्गात हे पेशीपटल वर्षानुवर्षं वाईट शिकवलं, हे कबूल करते. पाठ्यपुस्तकात "अर्धपार्य पटल" असा शब्द होता. बटाट्याचा कप कोरून त्यात साखरेचं पाणी घालायचं, बाहेर साधं पाणी, आणि तासाभराने आतली पातळी चढलेली दाखवायची. मुलं वहीत आकृती काढत. पटल म्हणजे जणू पुरणयंत्राची जाळी, बारीक ते जातं आणि जाड ते अडतं, असा समज मी पंधरा बॅचना करून दिला. खरं म्हणजे ते पटल चरबीच्या रेणूंचा दुपदरी पडदा आहे. त्यातून पाणीसुद्धा रडतखडत जातं, क्षारांचं तर नावच नको. जे काही झपाट्याने ये-जा करतं ते त्या पडद्यात रुतून बसलेल्या प्रथिनांमुळे. जाळीची उपमा सोडून द्यायला हवी. हे दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजाला राखणदार आहे.

दरवाजे आहेत असा पक्का संशय प्रथम घेतला इमॅन्युएल एप्स्टाइन या शास्त्रज्ञाने. १९५२ साली त्याने आणि हेगन या सहकाऱ्याने सातूची मुळं क्षारांच्या पाण्यात बुडवून ती किती वेगाने क्षार ओढतात ते मोजलं. पाण्यात क्षार वाढवत नेले तसा वेग वाढला, पण काही मर्यादेनंतर वाढेनासा झाला. हे आमच्या गावच्या गिरणीसारखं आहे. दळणाची रांग दारापर्यंत गेली म्हणून जातं जास्त दळत नाही. नुसती भोकं असती तर रांगेबरोबर वेगही वाढत गेला असता. वाढला नाही, याचा अर्थ आत मोजकी जाती आहेत. शिवाय रुबिडियम आणि पोटॅशियम एकाच जात्यासाठी भांडतात, पण सोडियमचं तसं त्यांच्याशी भांडण नाही, हेही त्यातून दिसलं. दरवाजा कुणी पाहिला नव्हता, त्याचं प्रथिन हाती नव्हतं, आणि तरी तो माणूस हिशेबातून दरवाजाची रुंदी सांगत होता. मला हा प्रयोग फार आवडतो. दरवाजा न दिसता केवढं कळतं!

दरवाजा प्रत्यक्ष हाती लागायला पुढची चाळीस वर्षं गेली, आणि तो लागला वनस्पतीत नाही, रक्तात. पीटर ॲग्री हा अमेरिकन शास्त्रज्ञ वेगळंच प्रथिन शोधत होता. तांबड्या रक्तपेशींत त्याला एक फालतू वाटणारं प्रथिन सतत सोबतीला येताना दिसलं. ते काय करतं हे बघायला १९९२ मध्ये त्याने ते प्रथिन बनवण्याचा संदेश आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंड्यांत घातला. बेडकाचं अंडं साध्या पाण्यात निवांत बसतं, त्यातून पाणी फारसं शिरत नाही. ही अंडी मात्र टरारून फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाण्याचा दरवाजा सापडला होता. असा एक दरवाजा सेकंदाला तीन अब्ज पाण्याचे रेणू सोडतो, पण त्यांच्यामागोमाग एकही प्रोटॉन घुसू देत नाही. २००३ साली ॲग्रीला नोबेल मिळालं. बेडकाच्या प्रयोगानंतर वर्षभरातच वनस्पतीतही असेच दरवाजे असल्याचं दिसलं होतं, आणि आता तर एकेका वनस्पतीत असे डझनावारी दरवाजे माहीत आहेत. झाडांना पाय नाहीत, म्हणून दारं जास्त, असं मी मुलांना सांगते. ते शास्त्र नाही, पण लक्षात राहतं.

आता भाताकडे.

जपानमध्ये कुराशिकी नावाचं गाव आहे. ओहारा नावाच्या सूतगिरणी मालकाने तिथे १९१४ मध्ये शेतीसंशोधनाची संस्था काढली. ती आज ओकायामा विद्यापीठाचा भाग आहे. चीनमध्ये जन्मलेले आणि क्योतोत शिकलेले जियान फेंग मा तिथे बसून भाताच्या मुळांवर काम करतात. त्यांना शोधायचा होता सिलिकाचा दरवाजा. पण शोधायचा कसा? सिलिका न घेणारं रोप डोळ्यांनी ओळखू येत नाही. हजारो रोपांतून ते एकेक करून तपासायचं तर आयुष्य जाईल.

त्यांनी सापळा लावला, आणि तो मला गावठी डोक्याचा वाटतो. सिलिका ज्या मूलद्रव्यापासून बनते ते सिलिकॉन. आवर्तसारणीत त्याच्या खालच्या घरात जर्मेनियम बसतं. दोघांचा तोंडवळा सारखा. भाताच्या दरवाजाला फरक कळत नाही, तो सिलिकॉन समजून जर्मेनियमही आत घेतो, आणि जर्मेनियम विषारी असल्याने पात्यांवर तपकिरी डाग पडतात. मग हजारो रोपांना जर्मेनियम पाजलं. जवळजवळ सगळी डागाळली. जे हिरवंगार राहिलं त्याच्याकडे दरवाजाच नव्हता. चोराला ओळखत नाही म्हणून दारच बंद ठेवणाऱ्या म्हातारीच्या घरी चोरी होत नाही, तसं. ते रोप त्यांनी २००२ मध्ये जगापुढे मांडलं आणि त्याचा आधार घेत २००६ मध्ये दरवाजाचं जनुकच हाती लागलं. नाव एलएसआय-१. ते नेहमीच्याच घराण्यातलं निघालं, ॲग्रीच्या पाण्याच्या दरवाजाचं लांबचं भावंड. त्याची परीक्षाही बेडकाच्या अंड्यांतच झाली. फरक एवढाच की या दरवाजाच्या सर्वांत अरुंद जागी मोठ्या अमिनो ॲसिडऐवजी ग्लायसीन, सेरीन अशी किरकोळ शरीराची मंडळी उभी आहेत. त्यामुळे वाट थोडी रुंद झाली आणि पाण्यापेक्षा धिप्पाड असलेलं सिलिसिक ॲसिड त्यातून मावू लागलं. (वर्गात मी एलएसआय म्हटलं की मागच्या बाकावरून "लस्सी" ऐकू येतंच. येवो.)

पण एकट्या दरवाजाने काम भागत नाही. मुळाच्या आत एक तटबंदी असते. अंतस्त्वचेच्या पेशींच्या भिंतींत पाणी अडवणारी पट्टी भरलेली असते, जुन्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. पाणी पेशींच्या फटींतून तिथपर्यंत येतं आणि थबकतं. पुढे जायचं तर पेशीच्या आतून जा, म्हणजे दोनदा पटल ओलांडा, एकदा आत शिरताना आणि एकदा बाहेर पडताना. भाताने नेमकं हेच बांधून ठेवलंय. पेशीच्या मातीकडच्या अंगाला एलएसआय-१, आणि त्याच पेशीच्या मुळाच्या गाभ्याकडच्या अंगाला दुसरं प्रथिन, एलएसआय-२. ते २००७ मध्ये सापडलं. पहिलं नुसतं उघडं दार आहे, दुसरं ढकलणारं. आपल्याकडची जुनी घरं आठवा. पडवीतून माजघरात, माजघरातून मागीलदारी. माणूस एका दाराने येतो, दुसऱ्याने जातो, उलटं सहसा होत नाही. भाताच्या मुळाच्या प्रत्येक अशा पेशीला ओटी आणि परसू आहे, आणि सिलिका ओटीवरून परसात चालली आहे. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

हे जनुक बिघडलेलं रोप शेतात लावलं तर काय होतं? पाती लोंबकळतात. किडे आणि रोग त्याला खातात. सिलिका म्हणजे भाताचं चिलखत. करप्याची बुरशी पात्यात घुसायला जोर लावते तिथे काच आडवी येते, खोडकिड्याचे दात झिजतात. गंमत अशी की सिलिकॉन हा वनस्पतींना "अत्यावश्यक" मूलद्रव्यांच्या यादीत बसतच नाही, कारण काचेच्या घरात, निर्जंतुक पाण्यात तो न देताही रोपं जगतात. यावर चिडून लिहिणाऱ्या मोठ्या माणसांत कोण, तर तोच एप्स्टाइन. १९९४ साली, सातूच्या मुळांनंतर चाळीसेक वर्षांनी. शेतातलं जगणं म्हणजे काचेच्या घरातलं जगणं नव्हे, एवढी साधी गोष्ट, पण शास्त्राला ती पचवायला वेळ लागला.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे.

१९८३ मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहांकडे चोवीस परगण्यातून रुग्ण आले. तळहातावर गाठी, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके. कारण निघालं कूपनलिकांच्या पाण्यातलं आर्सेनिक. गढूळ तळ्यांच्या पाण्याने पोरं हगवणीने मरत म्हणून या कूपनलिका खोदल्या होत्या. स्वच्छ, पारदर्शक, गार पाणी. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात त्या पाण्यावर पिढी वाढली, आणि उन्हाळी भातही त्याच पाण्यावर वाढू लागला.

भाताचं शेत महिनोन्‌महिने पाण्याखाली असतं. चिखलातला प्राणवायू संपतो आणि मातीला चिकटलेलं आर्सेनिक आर्सेनाइट होऊन सुटं होतं. हे आर्सेनाइट कसं असतं? त्याच्या रेणूवर भार नाही. आकार सिलिसिक ॲसिडच्या जवळपास. एलएसआय-१ ने त्याच्याकडे पाहिलं आणि आत घेतलं. २००८ साली मा आणि इंग्लंडातल्या रॉदमस्टेड शेतीसंशोधन संस्थेचे फांग-जिए झाओ यांच्या गटांनी हे मांडलं, आणि दुसरा दरवाजाही तितकाच भोळा निघाला. एलएसआय-२ बंद पडलेल्या भातात पेंढ्यातलं आणि दाण्यातलं आर्सेनिक बरंच खाली आलं होतं.

म्हणजे जर्मेनियमचा जो सापळा प्रयोगशाळेत मुद्दाम लावला होता तो बंगालच्या मळ्यांत आपोआप लागलेला होता. फरक एवढाच की इथे रोपाला डाग पडत नाहीत. भात पिवळाधमक पिकतो, दाणे भरतात, माणूस आजारी पडतो.

इथे मी कितीतरी दिवस रेंगाळले. राखणदार चुकला असं म्हणावं, तर तो चुकलेला नाही. त्याला शिकवलं होतं एवढंच, की भार नसलेला, एवढ्या एवढ्या अंगाचा कुणी आला तर आत सोड. लाखो वर्षं तेवढी ओळख पुरली. ओली, आर्सेनिकची जमीन आणि तिच्यात मुद्दाम पाणी साठवून ठेवणारा प्राणी या दोन गोष्टी त्याच्या हिशेबात नव्हत्या. तेव्हा "दरवाजाच काढून टाका" हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि लगेच कोसळतो. दरवाजा काढला की चिलखतही गेलं. करपा, खोडकिडा, लोळलेलं शेत.

बरं, पाणी काढून शेत अधूनमधून कोरडं करावं? होतं तसं, आर्सेनिक उतरतं. पण कोरड्या मातीत कॅडमियम सुटं होतं, आणि त्याला आत यायला भाताचा तिसराच दरवाजा मोकळा आहे, जो मुळात मँगनीजसाठी आहे. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या काठी खाणीतून आलेलं कॅडमियम भाताद्वारे लोकांच्या अंगात गेलं आणि हाडं कमकुवत झाली. दुखण्याने माणसं "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" ओरडत, तेच रोगाचं नाव पडलं. १९६८ साली जपानी सरकारने तो प्रदूषणाने होणारा रोग म्हणून मान्य केला. पुढे हा दरवाजा बिघडवलेला भातही जपानने केला, त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नसतं. तेव्हा पाणी ठेवलं तर एक, काढलं तर दुसरं. शेतकऱ्याने नक्की काय करावं हे सांगणाऱ्याला माती, पाणी, भाताची जात सगळं बघून सांगावं लागतं. एका ओळीचा सल्ला देणाऱ्यापासून मी लांब राहते.

एक वाट मात्र मला मनापासून पटते, कारण ती दरवाजाच्याच भोळेपणावर चालते. रांग लांबवायची. दाराशी सिलिसिक ॲसिडची इतकी गर्दी करायची की आर्सेनाइटचा नंबरच लागू नये. शिवाय रोपाचं पोट सिलिकाने भरलं की ते स्वतःच दरवाजे कमी बांधतं. म्हणजे शेतात सिलिका घाला. जपान पोलाद कारखान्यांतला धातुमळ (स्लॅग) शेतात घालतो. आणि आपण?

आपल्याकडे डॉ. ना. कृ. सावंत यांनी चारसूत्री भातशेती सांगितली. लावणीचं अंतर, गिरिपुष्पाचा पाला, युरियाच्या गोळ्या ही बाकीची सूत्रं लोकांना आठवतात. पहिलं सूत्र आहे भाताचे अवशेष शेतातच परत घालणं. तरव्याच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. पेंढाही. रोपं ताठ होतात, कीड कमी लागते, उपटायला सोपी जातात. कारण तेच, सिलिकॉन. कोकणातल्या लाल मातीवर धो धो पाऊस पडतो, विरघळणारं सगळं समुद्राला जातं, आणि आपण दर वर्षी तूस गिरणीत सोडून येतो. घेतलेलं परत द्या, एवढाच त्यांचा आग्रह. कोकणात आर्सेनिकचा प्रश्न बंगालसारखा नाही, इथे राख घालायची ती चिलखतासाठी.

आणि पातेल्यात? आजी उकड्या तांदळाचा भात भरपूर पाण्यात शिजवून वेळायची, पेज वेगळी काढायची. भात अशा मोकळ्या पाण्यात शिजवून पाणी काढलं तर दाण्यातलं बरंचसं आर्सेनिक पाण्याबरोबर जातं, शिजवायचं पाणी चांगलं असेल तर. आमच्याकडे ती पेज टाकत नसत, मीठ घालून पीत. तेव्हा वारशाच्या शहाणपणावर लेख लिहायचा मोह मी आवरते. आजीला पेज आवडायची, बस.

गेल्या वैशाखात गावी गेले तेव्हा चुलतभाऊ तरव्याची जागा भाजत होता. राब. पाला, शेण, कवळं रचून पेटवलेली. मी त्याला सावंतांचं पहिलं सूत्र सांगितलं, एलएसआयचंही सांगितलं, ओटी-परसूची उपमाही वापरली. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, राख घालीन गो. पण तूस आहे कुठे?" आमचा भात हल्ली तालुक्याच्या मोठ्या गिरणीत जातो. तिथलं तूस बॉयलरच्या जळणासाठी आधीच ठरलेलं असतं, ट्रक भरून जातं. भरडायला भात आपण द्यायचा, तूस त्यांचं.

परवा त्याचा फोन आला. दोन गोणी मिळाल्या होत्या, विकत. आपल्याच तुसाचे पैसे दिले म्हणून तो अर्धा तास गिरणीवाल्याला शिव्या घालत होता. मी विचारलं, वाफ्याला किती घातलीस? तर म्हणाला, "मोजतो कोण. मुठीने फेकली."